दीड तासाची झोप
सुचेताअक्कांना लोळणारं माणूस खपत नसे. जयनगरात सूर्यसुद्धा आमच्या हिला विचारून उगवतो, असं त्यांचे यजमान वासुदेवराव म्हणायचे. अर्थात, हळू आवाजात. सोळा वर्षांच्या लेकीला, भार्गवीला तर अक्का गेली पाच वर्षं पहाटे चारला पोहायच्या सरावाला पिटाळत होत्या. रात्री क्लास, मग अभ्यास, अकरा कधी वाजायचे कळायचंही नाही. पोरीनं कधी हूं की चूं केलं नाही.

आणि आज निवड स्पर्धेत, सकाळच्या फेरीत, ती जेमतेम आठवी आली. अंतिम फेरी आठ जणींची, संध्याकाळी पाचला. पहिल्या दोघींनाच राज्याच्या संघात जागा. तिचे प्रशिक्षक शुभंकर सर यांनी अक्कांना बाजूला घेतलं.

"अक्का, सराव पुष्कळ झालाय. थकलेलं शरीर भरून येतं ते झोपेत, आणि तीच तुम्ही तिला देत नाही. घरी न्या, दीड तास झोपू द्या. बाकी काही नको."

अक्कांना असं झोंबलं म्हणता! पण खरंच होतं ते.

एकला भार्गवी आडवी झाली आणि अक्का खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या. कुकर लावला नाही, बेल बंद केली. कुरियरवाला आला, त्याला "स्वल्प हळू रे बाबा!" असं अर्ध्या कानडीत म्हणत हातानंच हाकललं. वासुदेवरावांना शिंक आली, तर अक्कांनी असे डोळे वटारले की बिचारे तोंड दाबून गच्चीवर पळाले. अक्कांचा सगळा जीव त्या बंद दारात अडकला होता.

अडीचला त्या चवड्यांवर आत गेल्या. भार्गवी टक्क जागी.

"अगं, झोपली नाहीस?"

"नाही आली झोप." ती उठून बसली. "तू बाहेर श्वास रोखून बसलेलीस. आता झोपले नाही तर आईला काय वाटेल, एवढंच डोक्यात. जितके डोळे मिटले तितकी उडाली."

झोपवतानाही आपण पोरीला धाकच दाखवला! स्वतःचाच असा राग आला त्यांना. "चल, निघू या," एवढंच त्या म्हणाल्या.

मेट्रोत ही गर्दी! घोषणा चाललेल्या, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं, समोर दोघी बायका जागेवरून भांडत होत्या. आणि लालबाग स्टेशन यायच्या आत भार्गवीची मान अक्कांच्या खांद्यावर पडली. तोंड उघडं, हात सैल.

उतरायचं मल्लेश्वरमचं स्टेशन आलं तेव्हा साडेतीन झाले होते. स्विमिंग पूलवर हजेरी सव्वाचारला. उशीर झाला की नाव कापतात. तिला झोपू द्यायचं तर पाच स्टेशनं पुढे जायचं, पाच मागे यायचं, म्हणजे अर्धा तास. मधेच गाडी थांबली तर? पाच वर्षांची मेहनत मातीत!

दारं उघडली. अक्कांचा हात पोरीच्या गालापर्यंत गेला. तेवढ्यात फोन थरथरला.

"उतरलात का?" वासुदेवराव.

"नाही हो. डोळा लागलाय तिचा."

"अगं, मग हलव की तिला!"

अक्कांनी फोन ठेवला आणि हात मागे घेतला. दारं मिटली. गाडी पुढे निघाली, पण खांदा त्यांनी तसूभरही हलू दिला नाही.