बटाट्यात खोचलेली दहा नखं

नोकरीतल्या बहुतेक गुन्ह्यांचे नंबरसुद्धा आता आठवत नाहीत. पण अर्ध्या बटाट्यात खोचलेली ती दहा लाल नखं आठवली की अजून माझ्या तळहाताला घाम सुटतो. ज्या गुन्ह्याच्या तपासाला मी निघालो, तो कुणी केलाच नव्हता. चूक मात्र झाली होती, आणि ती माझी होती.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. सेनगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एके सकाळी एक तरुण तक्रार घेऊन आला. बहिणीला माहेरी न्यायला तो तिच्या सासरी गेला होता, तर बहीण घरात नाही. नवरा मेंढ्या घेऊन लांब चराईला गेलेला. घरात एकटी सासू, आणि ती काही सांगायला तयार नाही. ठाणे अंमलदाराने बेपत्ता व्यक्तीची नोंद, म्हणजे मिसिंग, दाखल करून घेतली. अशा मिसिंग महिन्याकाठी येतात आणि निम्म्या आपोआप निकाली निघतात, म्हणून मीही फार मनावर घेतलं नाही.

दुपारी आमचा एक जुना खबऱ्या आला. नेहमी खुर्ची ओढून ऐसपैस बसणारा माणूस, पण आज दारातच उभा राहिला. त्याच्या ओठाला कोरड पडली होती.

"सायब, त्या सुनंची नखं उपटली. धाच्या धा. बटाट्यात काड्या खोचून त्याच्यावर लावलीत. शेजारनीनं डोळ्यानं पाह्यलं. भानामतीचं काम हाय."

"आणि बाई कुठाय?"

"सिद्धेश्वरच्या धरनात टाकली म्हन्तेत."

भानामतीचं नाव निघालं की आमच्या भागात शहाणी माणसंही आवाज खाली करतात. मी हवालदार, महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन निघालो. तिच्या सासरच्या घरामागे शेळ्यांच्या गोठ्यावर एक माळा होता. हवालदार शिडीने वर चढला आणि "अरे बापरे" म्हणत तसाच खाली घसरला. मग मी चढलो. अंधारात बॅटरी मारली. बटाट्याचा अर्धा तुकडा, त्यात दहा काड्या, प्रत्येक काडीच्या टोकाला एक लाल नख. बटाट्यावर लाल ओघळ सुकलेले. मी शिडीची एक पायरी परत खाली उतरलो, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

लाज वेगळ्याच गोष्टीची वाटते. मी त्या नखाला हात लावून पाहिला नाही. पुराव्याला हात लावायचा नसतो, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. पंचनाम्यात 'मानवी नखांसारख्या वस्तू' असं लिहिलं, बटाटा आणि शेजारचा पत्र्याचा डबा जप्त केला आणि खाली उतरलो. तोवर पंचांनी गावाला बातमी देऊनही टाकली होती.

ठाण्यात येऊन नखं टेबलावर उजेडात ठेवली आणि मी कपाळाला हात लावला. प्लास्टिक! वरून लाल रंग, त्यावर पांढऱ्या ठिपक्यांची फुलं आणि मधोमध टिकलीवर असतो तसा बारीक खडा. डब्यात नेलपॉलिशच्या बाटल्या, कानस आणि बरीच कोरी प्लास्टिकची नखं निघाली. मी लगेच पोलीस पाटलाला बोलावून दाखवलं. तो गावात सांगून आला आणि तोंड पाडून परतला.

"सायब, लोक म्हन्तेत पोलिसाईनं खरी नखं बदलली. म्हातारीला पेटवून देऊ म्हनून राहिले."

आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. ती सून जिवंत असेल तर तिला गावासमोर उभं करायचं, नाहीतर त्या म्हातारीचं काही खरं नव्हतं. आणि म्हातारीवर ही वेळ माझ्याच पंचनाम्याने आणली होती.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरीच विचारायचं असतं. पण घरी ठेवणं धोक्याचं होतं. म्हणून पोलीस पाटलाच्या समक्ष तिच्या संमतीचा अंगठा घेतला आणि तिला महिला शिपायाच्या क्वार्टरमध्ये आणलं. सत्तरीच्या आसपासची, काटक, हातांना शेळ्यांचा वास. मी समोर बसलो.

"मावशी, सून कुठाय?"

"गेलीय. येईल."

"कुठं गेलीय?"

"येईल म्हन्ते ना."

"नखांवरून तुमची तिची रोज भांडणं होत होती म्हणे?"

"व्हय. नखं लावून कोनी शेळी पिळते काय? म्या बोलनारच."

"मावशी, लोक तुम्हाला जाळायला निघालेत. सांगून टाका, काहून जिवावर बेतून घेता?"

तिने पदराने तोंड पुसलं आणि भिंतीकडे बघत बसली. मी दोन तास घेतले. समजावलं, धमकावलं, एकदा टेबलावर हातही आपटला. माझा सगळा अनुभव सांगत होता की इतकं गप्प राहणारा माणूस काहीतरी दडवतोय. ते बरोबरच होतं. फक्त ती काय दडवत होती, याचा अंदाज मला शंभर जन्मात आला नसता.

संध्याकाळी उगाच चाळा म्हणून मी ती दहा नखं मापाप्रमाणे ओळीत लावली. नऊ बरोबर मापात बसली. एक मात्र विचित्र होतं. आखूड, रुंद, आणि आतून कापूस लावून जाड केलेलं.

"बिघडलं असंल ते," हवालदार म्हणाला.

पण डब्याच्या तळाशी तसलीच आणखी चार होती, अर्धवट कानसलेली. एकच चूक माणूस चार वेळा करत नाही. हे नख मुद्दाम कुणाच्या तरी बोटासाठी घडवलं होतं, आणि ते बोट धड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गोरेगाव गाठलं. डब्यातल्या पावतीनुसार कोरी नखं तिथल्या एका कासारणीच्या बांगड्यांच्या दुकानातून घेतलेली होती. तिने चहा सांगितला आणि मी न विचारताच माहिती दिली.

"लई हुनरची पोरगी हाय सायब. पिठाच्या गोळीनं नख काडीवर चिटकवते, काडी बटाट्यात खोचते. हात लावायचं काम न्हाई, चहूकून रंग बराबर बसते. आधीच रंगवून ठेवते. लग्नाच्या घाईत नवरीला फकस्त चिटकवायची."

मी ते जाड नख तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने ते बोटावर फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला. या भागातल्या पोरींना बांगड्या भरण्यात तिचं आयुष्य गेलेलं. चेहरे विसरेल, पण हात विसरायची नाही.

"तिच्या मैतरनीचं हाय. डाव्या हाताचं मधलं बोट," ती हळूच म्हणाली. "लहानपनी कडबाकुट्टीच्या मशिनीत गेलं व्हतं. परवाच चुडा भरला म्या तिला. आज बाराला लगीन हाय, पोराकडं, हट्ट्याला." मग तिने माझ्या पायाकडे हात नेला. "सायब, वर्दीत जाऊ नका. बोट पाहून तिच्या दोन सोयरिकी मोडल्यात."

आता सगळं जुळलं. बटाट्यावरची नखं नमुन्याची होती, खरी घेऊन सून लग्नाला गेली होती. जीप हट्ट्याकडे पिटाळली. वाटेत औंढ्याला एसटीडी बूथवरून ठाण्याला फोन लावला. अंमलदाराने भराभर सांगितलं. "साहेब, क्वार्टरच्या मागं माणसं जमून राहिलीत. लवकर या."

हट्ट्याला पोचलो तेव्हा मंडपात नवरदेव आलेला, पण अक्षता पडायच्या होत्या. साधा शर्ट घालून मी बायकांच्या बाजूला गेलो. नवरीच्या डाव्या हाताशी, तो हात पदराआड धरून, एक सावळी पोरगी बसली होती. दुसऱ्या मुठीत चिकटवायची नळी. भावाने तक्रारीसोबत दिलेल्या फोटोवरून ओळखलं. मी वाकून सांगितलं, "मी ठाण्याचा साहेब. तुझी सासू संकटात आहे. आत्ता चल."

तिचे डोळे भरले. "सायब, हळदीच्या तेलानं नख दोन येळा निघालं. मी उठले तं हार घालताना गळून पडंल. अक्षता तेवढ्या पडू द्या."

तिकडे म्हातारी, इकडे ही नवरी. नियमाप्रमाणे मी तिला हाताला धरून उठवायला हवं होतं. मी उठवलं नाही. मंडपाच्या खांबाला टेकून उभा राहिलो आणि मंगलाष्टकं ऐकली. इतकी लांबलचक मंगलाष्टकं मी जन्मात ऐकली नाहीत. प्रत्येक कडव्याला वाटायचं, तिकडे आता काय झालं असेल? हार पडले, अक्षता पडल्या, आणि आम्ही जीपकडे पळालो.

ठाण्याच्या फाटकाशी शे-दीडशे माणसं होती. मी सुनेला जीपच्या बॉनेटवर उभं केलं आणि दोन्ही हात वर करायला लावले. दहा बोटं, दहा नखं, शेण-मातीने काळवंडलेली, पण शाबूत. पुढचे मागे सरकले आणि बघता बघता फाटक मोकळं झालं. तक्रार देणारा तिचा भाऊ तेवढा खाली मान घालून उभा होता.

पण थोडा उशीर झाला होता. मी मंगलाष्टकं ऐकत होतो त्याच सुमारास क्वार्टरच्या खिडकीतून एक दगड आत आला होता. म्हातारीच्या कपाळाला तीन टाके पडले होते. सून धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. म्हातारीने तिला बाजूला सारलं आणि पहिला प्रश्न विचारला,

"लागलं का लगीन?"

"लागलं, आत्या."

"नख?"

"ऱ्हायलं."

मग ती माझ्याकडे वळली. मी मान खाली घातली होती. "मावशी, मला एकट्याला कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"तुमी कागदावर लिवता, सायब. सुनंला सबद दिल्ता."

तिच्याजवळ माझ्यासाठी राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. गप्प माणूस गुन्हेगारच असतो असं मी कितीतरी नव्या फौजदारांना शिकवलं होतं. त्यानंतर ते शिकवणं मी बंद केलं. गप्प बसलेला माणूस स्वतःला वाचवतोय की दुसऱ्या कुणाला, हे आधी बघा, असं सांगू लागलो. आणि पुराव्याची भीती वाटली तर तसं स्वतःशी तरी कबूल करा, हेही.

नवरदेवाला त्या बोटाबद्दल पुढे कधी कळलं, कळलं तेव्हा काय झालं, ते मला माहीत नाही. लपवाछपवी बरी की वाईट, याचाही निवाडा मी करू शकलो नाही. दगड मारणाऱ्यांवर गुन्हा नोंदवला. मग स्टेशन डायरी उघडली आणि लिहिलं : 'बेपत्ता महिला सुखरूप मिळून आली. मैत्रिणीच्या लग्नास गेली होती.' पुढे कारणाचा तपशील द्यायचा असतो. पेन तिथेच थांबलं. म्हातारीने कपाळावर दगड झेलला, पण त्या बोटाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मीही खाली सही केली आणि डायरी मिटली.