पायगोंडाची डिझेलबचत

आमचे शेजारी पायगोंडा दूध फुकट वाटतील, पण डिझेल वाचवायला चढावरही खालचा गिअर टाकणार नाहीत. पिकअप बिचारी धापा टाकायची.

परवा त्यांची अडलेली म्हैस पिकअपला जोडलेल्या ट्रॉलीत चढवून आम्ही कोडोलीच्या दवाखान्याकडे निघालो. चढाला इंजिन गुदमरलं.

“अवो, गिअर पाडा की!” त्यांची बायको पद्मावती ओरडली.

“डिझेल जळतंय जास्त.”

“म्हशीपरास डिझेल मोठं हाय व्हय?”

तेवढ्यात इंजिन बंद पडून ट्रॉली गाडीला मागं ओढू लागली. पायगोंडांनी ब्रेक दाबला, पद्मावतीनं उतरून चाकाला दगड लावला. मग पहिल्या गिअरमध्ये गाडी मुकाट्यानं चढली.

दवाखान्यात म्हैस सुखरूप व्याली. पायगोंडा मात्र स्टिअरिंग धरून बसलेले.

“काय वाचवत हुतो,” ते म्हणाले, “आणि काय घालवून बसलो असतो!”