अंगावर एक खडा नको

माझे वडील चाळीस वर्षं कबरीवरचे दगड घडवत आले. गावातल्या निम्म्या मेलेल्यांची नावं त्यांच्या छिन्नीखालून गेली आहेत. जिवंतांची नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नाहीत. माझ्या नवऱ्याला ते लग्नानंतर सहा वर्षं नुसतं 'पाहुणे' म्हणत होते.

आईचं त्या कामाशी हाडवैर. दगडाची शेड घराला लागूनच, मध्ये एक दार, आणि ते दार कधी नीट लागलंच नाही. भुकटी पिठाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, माझ्या शाळेच्या वह्यांत. आई दिवसातून तीनदा केर काढायची आणि तीनदा ऐकवायची. तिचं बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हाही ती रडली नाही. तिने वडिलांना समोर बसवलं.

"अहो, मला त्या टेकडीमागच्या कुरणात पुरा. पेटी नको, नुसती सुती चादर. वर गवत उगवू दे."

"तिथे दगड लावू देत नाहीत," वडील म्हणाले.

"म्हणूनच सांगतेय. जन्मभर तुमची भुकटी झाडली. मेल्यावर माझ्या अंगावर एक खडा नको. शब्द द्या."

वडिलांनी मान हलवली. त्यांच्या मानेवर माझा काडीचा विश्वास नव्हता. शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली एक काळा दगड होता, वीस वर्षांपूर्वी खाणीतून निवडून आणलेला, कुणालाही न विकलेला. एकदा मी गोणपाट उचलून पाहिलं होतं. आईचं पूर्ण नाव, भोवती बारीक वेल, खाली तारखेपुरती जागा रिकामी. त्यांच्या हातचं इतकं देखणं काम मी दुसरं पाहिलं नव्हतं. मला भरून आलं, आणि रागही आला.

जागा ठरवायला वडील आणि मी कुरणावर गेलो; तिथे माणसं अशीच, गवताखाली पुरतात. तिथल्या राखणदाराने सांगितलं, "आम्ही खोल खणत नाही. वरच्या मातीत जीव असतो, तिथेच माणसाची माती लवकर होते."

"पण माणूस नेमकं कुठे आहे, ते ओळखायचं कसं?"

"नकाशात खूण असते, काका."

वडील जरा घुटमळले. "आणि छोटासा दगड आत, मातीखाली ठेवला तर? कुणाला दिसणार आहे?"

"नाही चालत."

मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते वळून परतीच्या वाटेला लागले.

पुढच्याच आठवड्यात आई गेली. पुरायच्या दिवशी वडील जाड कापडी पिशवी काखेत धरून निघाले. पिशवीत काहीतरी कडक, सपाट होतं. मेलेल्या बाईला दिलेला शब्द हा माणूस मोडणार, आणि चारचौघांत मला त्याच्या हातातून दगड हिसकावून घ्यावा लागणार.

आईला चादरीत खाली ठेवलं. माझ्या भावाने फावडं उचललं तसे वडील म्हणाले, "थांब."

त्यांनी पिशवीतून चाळण काढली. शेडमधली, रेती चाळायची. ते मातीच्या ढिगाजवळ उकिडवे बसले आणि माती चाळू लागले. बारीक माती खाली, खडे पिशवीत.

"काका, इतकं कशाला?" राखणदार म्हणाला.

"शब्द दिलाय."

चाळायला दोन तास लागले. काही लोक कंटाळून निघून गेले. मी शेजारी बसून चाळणीतले खडे वेचत राहिले. मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले होते, त्याची मला लाज वाटत होती. चेहऱ्यावर टाकायची माती तर त्यांनी चाळल्यावरही बोटांनी चाचपून पाहिली.

खड्यांची पिशवी ते घरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेडचं दार काढलं, खालची कड रंध्याने तासली, नव्या बिजागऱ्या लावल्या. दार पहिल्यांदाच घट्ट लागलं. इतक्या वर्षांत हे एकदा का नाही केलं, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. ते कोपऱ्यातला झाडू घेऊन घर झाडू लागले.