तीळ लावलेले भाताचे गोळे

मागच्या महिन्यात इथे अमेरिकेत, फ्रीमाँटमध्येच, ओळखीतल्या एकाच्या नातवाच्या नामकरणाला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत एक तरुण मुलगी माझ्या पुढे होती, पुण्याहून तीनेक वर्षांपूर्वी आलेली. बोलता बोलता म्हणाली, "काका, तुम्ही इथले जुने ना? तुम्हाला ती स्टोरी माहितीये? नाइंटीजमध्ये आपल्याच एका फॅमिलीतल्या आजींना शेजारच्या जपानी बाईने नादी लावलं होतं म्हणे. मेलेल्या माणसांना बोलवायची ती. आजींचं डोकंच फिरलं, शेवटी रातोरात इंडियाला पाठवावं लागलं."

मी म्हणालो, "ऐकलंय."

तिने माझ्या ताटात भात वाढला आणि पुढे गेली.

त्या आजी म्हणजे माझी आई. ती गोष्ट पहिल्यांदा मीच सांगितली होती. त्यात खरं एवढंच होतं की शेजारी एक जपानी बाई राहत होती आणि आई परत गेली. आता आई नाही, ती बाईही नाही. दोघींबद्दल लोक जे बोलतात ते मी मरण्याआधी दुरुस्त करायला हवं.

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं. मी चिप बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. आमचं टाउनहाउस एका लांबलचक ओळीत होतं, शेजारच्या घराशी भिंतीला भिंत लागलेली, मागच्या अंगणांच्या मध्ये खांद्याइतकं लाकडी कुंपण. आदल्या वर्षी नागपूरला माझा धाकटा भाऊ वारला. माझे ग्रीनकार्डचे कागद तेव्हा अडकले होते. वकील म्हणाला, आता देश सोडलात तर सगळं पहिल्यापासून. मी गेलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात आईलाच इकडे बोलावलं.

ती येताना भावाचा फ्रेम केलेला फोटो साडीत गुंडाळून घेऊन आली. दुसऱ्याच दिवशी तिने तो हॉलमध्ये टीव्हीच्या वर ठेवला. मी संध्याकाळी उचलून आतल्या कपाटात ठेवला. घरी लोक येत. फोटो पाहून विचारत, हे कधी गेले? त्याच्या पुढचा प्रश्न मला माहीत होता: तुम्ही गेला होतात ना? आईला सांगितलं, इथे हॉलमध्ये असे फोटो लावत नाहीत.

शेजारची बाई आईच्याच वयाची, जपानच्या कुठल्याशा खेड्यातून मुलीकडे राहायला आलेली. मुलगी दिवसभर ऑफिसात. माझा त्या घरातल्या माणसांवर आधीपासूनच विश्वास नव्हता. बायकोने एकदा चकल्या पाठवल्या, तर दुसऱ्या दिवशी दारात डबा, कागदात इतका नीट बांधलेला की उघडायचा कसा कळेना. पुन्हा शंकरपाळे पाठवले, पुन्हा डबा. मी बायकोला म्हणालो, "ह्यांना कोणाचं काही अंगावर ठेवायचं नाही. संबंध नकोत म्हणून करतात हे."

"अहो, आपण तरी कोणाचा डबा रिकामा परत देतो का?" ती म्हणाली.

"आपलं वेगळं."

आई दुपारी तिकडे जायला लागली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आई तिला नुसतं "बाई" म्हणायची. ती आईला "ओकासान" म्हणायची, त्यांच्याकडे आईला तसं म्हणतात. मी संध्याकाळी विचारायचो, काय करता तिथे? आई म्हणायची, "बसतो." एवढंच. तिच्या साडीला उदबत्तीचा वास यायचा, आपल्या उदबत्तीपेक्षा वेगळा, ओल्या लाकडासारखा. एकदा सकाळी ती वांग्याची भाजी वाटीत घेऊन पदराखाली झाकून जाताना दिसली. झाकायचं कारण काय?

बायको म्हणाली, "तिकडे हसायचा आवाज येतो त्यांचा. आपल्याकडे आल्यापासून एकदाही हसल्या नाहीत."

ते मला जास्तच खटकलं.

सप्टेंबर संपत आला होता. आमच्याकडे पानगळ अशी नसते, टेकड्या उन्हाळ्यापासूनच वाळक्या गवताने पिवळ्या असतात, फक्त सकाळी धुकं उतरायला लागतं. त्या आठवड्यात इंडियन ग्रोसरीत गेलो तर गल्ल्यावरचा माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता, पितृपक्ष आहे, काळे तीळ संपले. माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. दीक्षा घेताना आमच्या लोकांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. श्राद्ध करणार नाही, पिंड देणार नाही, हे त्यात आहे. आमच्या घरात ते पाळलं गेलं, आजोबा गेले तेव्हाही. मी त्यातच वाढलो.

शनिवारी दुपारी मी मागच्या अंगणात गेलो. कुंपणाची एक फळी सैल होती. आईची चप्पल त्यांच्या काचेच्या दाराबाहेर होती, बोटं बाहेरच्या बाजूला वळवून नीट ठेवलेली. आईने आयुष्यात कधी चप्पल अशी ठेवली नाही. मी फळी सरकवून आत गेलो आणि काचेतून पाहिलं.

भिंतीशी काळ्या लाकडाचं उभं कपाट, दारं उघडी, आतून सोनेरी. आत एका जपानी म्हाताऱ्याचा फोटो. त्याच्या शेजारी माझा भाऊ. आमच्या कपाटातला तोच फोटो. समोर उदबत्ती, आमची वांग्याच्या भाजीची वाटी, आणि एका ताटलीत भाताचे गोळे. काहींवर काळे तीळ. आई हात जोडून बसली होती. त्या बाईने एका लहान वाटीवर काडी हलकेच मारली, तसा घंटेसारखा बारीक आवाज निघाला.

मी दार सरकवून बूट घालूनच आत गेलो.

"आई, ऊठ! काय चाललंय हे?"

आई दचकली. "काहून ओरडतो रे? लोकाचं घर हाय."

"पिंड देतेस? त्याला पिंड देतेस? ह्या बाईचं ऐकून?"

ती बाई उठून उभी राहिली. माझ्या बुटांकडे तिने पाहिलं, पण लगेच नजर वर घेतली आणि वाकली. पुन्हा वाकली. कशाबद्दल माफी मागतेय हे तिलाही माहीत नसावं. मग तिने ती ताटली उचलून दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. मी हात मागे घेतला. फोटो उचलला आणि निघालो. आई मागून आली.

घरी ती सोफ्याच्या कडेला बसली. "गोड हायेत ते," ती म्हणाली. "लाल डाळीचं पुरण असते. आम्ही दोघी मिळून खातो. पिंड कोणी खाते का बाप्पा?"

"तीळ होते त्याच्यावर."

"तिळाच्या लाडूवर बी राहतात."

"आई, पक्ष चालू आहे. तिला सगळं ठाऊक आहे, तुला फसवतेय ती."

तेव्हा तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "मले शिकवतो का तू? दीक्षेच्या दिवशी तुले कडेवर घेऊन उभी होती मी. घरातले देव म्या ह्या हातानं नदीत सोडले. तवा तू रडत होता भुकेनं." मग म्हणाली, "तुह्या घरात त्याले जागा नव्हती. तिनं दिली. एवढंच झालं."

मी म्हणालो, विषय बदलू नकोस.

संध्याकाळी शेजारची मुलगी दारात आली, ऑफिसच्या कपड्यांतच. आत यायला तयार नव्हती. "माझ्या आईकडून काही चूक झाली का?"

"आम्ही बौद्ध आहोत," मी म्हणालो. "असलं आम्ही करत नाही."

"आम्हीही बौद्धच आहोत," ती गोंधळून म्हणाली.

"तेच तर आश्चर्य आहे."

ती वाकली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमची पाचसहा कुटुंबं कोणाच्या तरी घरी वंदनेला जमायची. वंदना झाल्यावर चहाच्या वेळी मी हे सांगितलं. मी सांगितलेल्या गोष्टीत आईने फोटो स्वतः नेलेला नव्हता, त्या बाईने मागवला होता. एक जण म्हणाला, "म्हणजे अमेरिकेत येऊनही पिंड सुटले नाहीत म्हणा!" सगळे हसले. आणखी एकाने विचारलं, "अंगात वगैरे येतं का हो तिच्या?" मी नाही म्हणालो नाही. खांदे उडवले. पुढची गोष्ट त्या खांद्यांनी केली.

आईचं परतीचं तिकीट मी अलीकडच्या तारखेचं करून घेतलं. थंडी तिला सोसणार नाही, असं कारण दिलं. ती "बरं" म्हणाली. निघायच्या दिवशी शेजारची बाई त्यांच्या दारापाशी कापडात बांधलेला डबा घेऊन उभी होती. आई तिच्याकडे जायला निघाली. मी म्हणालो, फ्लाइट चुकेल. आईने गाडीच्या काचेतून हात केला. त्या बाईच्या दोन्ही हातांत डबा असल्यामुळे तिला हात हलवता आला नाही. ती वाकली, आणि आम्ही वळेपर्यंत तशीच वाकलेली होती.

त्यानंतर भिंतीला भिंत लावून राहिलो, पण बोलणं बंद.

दोन वर्षांनी कंपनीने मला जपानला पाठवलं. तिकडचा एक कारखाना आमचा माल तपासायचा. तिथला माझ्या जोडीचा इंजिनियर चाळिशीचा, फार कमी बोलणारा. सुट्टीच्या दिवशी म्हणाला, मी गावी आईकडे जातोय, चला. मला वाटलं, ह्याचं काही काम असेल माझ्याकडे, उगाच कोण नेतं? तरी गेलो.

गाडी डोंगरांमध्ये शिरली. दोन्ही बाजूंना भात पिकलेला, काही शेतं कापून झालेली आणि पेंढ्या आडव्या बांबूंवर उलट्या वाळत घातलेल्या. बांधांवर लालभडक फुलं, पान एकही नाही, नुसता देठ आणि वर फूल. गावाच्या कडेला दफनभूमी होती. तिथे माणसं खराट्याने जागा झाडत होती, दगडांवर पाणी ओतत होती, पोरं इकडेतिकडे पळत होती. रडण्याचा आवाज नव्हता. एक म्हातारा दगडापाशी बसून सिगारेट ओढत होता आणि दुसरी पेटवून दगडासमोर ठेवलेली. मी विचारलं, आज काय आहे? इंजिनियर म्हणाला, "दिवस आणि रात्र सारखे असतात त्याच्या आसपासचा आठवडा. घरच्यांना भेटायला येतात."

"घरच्यांना म्हणजे?"

"हेच," दगडांकडे हात करून तो म्हणाला.

त्याच्या घरी बूट काढले. मी आत वळतो न वळतो तोच त्याच्या आईने ते उचलून बोटं बाहेर करून ठेवले, पाहुण्याला निघताना सोपं जावं म्हणून. आत भिंतीशी काळं कपाट होतं. उघडं. एका माणसाचा फोटो, आणि समोर ताटलीत भाताचे गोळे, काही लाल, काही तिळाचे.

माझ्या हातातला चहा गार झाला. शेवटी विचारलंच. "हे वडिलांच्या मुक्तीसाठी असतं का?"

त्याने आईला जपानीत काही विचारलं. ती हसली आणि बरंच बोलली. तो म्हणाला, "मुक्तीचं तिला माहीत नाही. म्हणते, ते गोडाचे लोभी होते. त्यांना आधी दिलं नाही तर कुरकुर करायचे. अजून सवय आहे. आता आपण खायचे."

आणि तिने तीच ताटली उचलून दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली.

मी लाल गोळा घेतला. वरचं आवरण लाल डाळीचं, गोड, वेलदोड्याशिवायच्या पुरणासारखं. आईने मला हे सांगितलं होतं. शब्दही हाच वापरला होता.

फ्रीमाँटला परतल्यावर मी आईला फोन लावला. कॉलिंग कार्डावर आवाज मागे पडायचा, त्यामुळे मी सगळं सांगून झाल्यावरही ती गप्प आहे की माझं बोलणं अजून पोचतंय, कळेना.

"आई?"

"ऐकून राहिली. मले काय सांगतो? मले ठाऊकच होतं. तिले सांगितलं का?"

"नाही अजून."

"मग फोन ठेव अन् जा. रिकाम्या हातानं जाऊ नको."

मला जायला आठवडा लागला. दार उघडणार नाही, मुलगी पोलिसांना बोलावेल, किंवा ती बाई काही न समजून नुसती वाकत राहील, हे सगळं मनात येऊन गेलं. बायकोने पुरणपोळ्या केल्या. "आता पोळ्या शिळ्या व्हायच्या आत जा," ती म्हणाली. मी डबा घेतला, आणि कपाटातून भावाचा फोटो.

या वेळी पुढच्या दाराने गेलो. बाईनेच दार उघडलं. पूर्वीपेक्षा लहान झाल्यासारखी वाटली. मी बूट काढले आणि, जमेल तसे, बोटं बाहेर वळवून ठेवले. सॉरी म्हणालो. तिने डबा घेतला, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. फोटोकडे होतं. तो माझ्या हातातून घेऊन तिने बाहीने काच पुसली आणि आत गेली. मी दारातून पाहत होतो. तिने कपाट उघडलं, आपल्या नवऱ्याचा फोटो थोडा बाजूला सरकवला. मग वळून मला विचारलं, "ओकासान?"

"नागपूर," मी म्हणालो. "गुड."

"नागपूर," ती म्हणाली. आईने तिला शिकवलेला असावा, उच्चार स्वच्छ होता.

वंदनेला जमणाऱ्या आमच्या मंडळात मात्र तेव्हाही मी काही बोललो नाही. आता कशाला उकरायचं, असं म्हणत राहिलो, आणि गोष्ट मोठी होत गेली. तेवढ्यासाठी हे लिहिलं. त्या बाईने कोणालाही बोलावलं नाही, आणि माझ्या आईचं डोकं शेवटपर्यंत माझ्यापेक्षा ठिकाणावर होतं.

पुरणपोळ्या दिल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात डबा होता, तसाच कागदात बांधलेला. उघडला, आत दोन गोळे. मी आईला फोन लावला आणि बोलता बोलता खाऊ लागलो.

"काय चावून राहिला रे?" तिने विचारलं.

"तुझ्या बाईने पाठवलंय."

"कोणता खाल्ला? तिळाचा का लाल?"

"तिळाचा."

"लाल त्याच्यासाठी ठेव," आई म्हणाली. "त्याले लाल आवडला असता."