फिल्टरमधल्या गोळ्या

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या भावाला नाही. गावच्या देवापुढे गाऱ्हाणं घालताना मनातलं सगळं बोलते, पण ही गोष्ट तिथंही गिळली. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका. माझं मलाच नीट कळलेलं नाही.

मशीनपासून सुरुवात करते. हसाल तुम्ही. कपडे धुवायच्या मशीनचं असं काय मोठंसं? पण जे झालं ते तिच्याच तळाशी झालं, तेव्हा तिथूनच यायला हवं.

आमचं घर जोयड्याहून आत, बाजारकुणंगच्या वाटेवर. नवरा जीप चालवतो, मशीन त्यानंच हौसेनं आणली. पाणी वरच्या झऱ्यावरून काळ्या पाइपनं येतं आणि पावसात त्याच्याबरोबर तांबडी मातीही येते. मशीन बसवणारा म्हणाला होता, महिन्यातून एकदा फिल्टर साफ करा. आमच्या पाण्याला महिना कसला पुरतो? मी दर आठवड्याला करते. खालच्या कोपऱ्यातलं लहान दार उघडायचं, पसरट ताट लावायचं, आतलं झाकण हळूहळू सैल करायचं. घाई केलीत तर घाण पाणी सगळं लादीवर. मग फिल्टर ओढून काढायचा — गाळ, केसांचा गुंता, नवऱ्याच्या खिशातला एखादा स्क्रू, सुपारीचं खांड. जुन्या ब्रशनं घासायचं आणि झाकण पुन्हा घट्ट बसवायचं.

सुपारी आत्तीची असायची. आत्ती म्हणजे माझी सासू. तिचं सगळं लुगड्याच्या पदराला गाठ मारून — सुपारी, तंबाखू, देवाचा अंगारा. आधी ती लुगड्याला मशीन शिवू देत नव्हती. गुडघे धरले तेव्हा मुकाट्यानं द्यायला लागली, पण गाठ सोडायची आठवण तिला कधीच राहिली नाही.

आत्तीचा रक्तदाब फार वर जायचा. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून बजावलं होतं की गोळी एक दिवसही चुकता कामा नये, चुकली तर डोक्यात रक्त फुटेल. नवऱ्यानं ते काम माझ्यावर सोपवलं. सकाळी मी पाकिटातली एक गोळी कात्रीनं चांदीच्या कागदासकट कापून तिच्या हातावर ठेवायची. भाकरी खाऊन घेते, म्हणायची. जीप लावून आला की नवरा विचारायचा, आईनं गोळी घेतली का? मी म्हणायची, घेतली.

मग एका आठवड्यात फिल्टर काढला, तर गाळात काहीतरी चमकलं. धुऊन पाहिलं. कापलेली चांदी, आणि आत गोळी जशीच्या तशी. पुढच्या आठवड्यात आणखी तशाच.

मला लगेच उमगलं. नंदिगड्ड्याकडचा एक म्हातारा मुळ्या उगाळून देतो, ते औषध तिनं सुरू केलं होतं. आमच्याकडे पक्की समजूत आहे की गावठी औषध चालू असताना डॉक्टरची गोळी पोटात गेली तर मुळी उलटते. तिला मुळीही सोडायची नव्हती आणि लेकाचं मनही मोडायचं नव्हतं. म्हणून गोळ्या पदरात. त्या म्हाताऱ्यानं तिला गोळी सोड म्हटलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारायलाही गेले नाही.

संध्याकाळी नवऱ्याला फक्त एक वाक्य सांगायचं होतं. तिनं लेकाचं ऐकलं असतं, त्याच्यासमोर गोळी गिळली असती. मग मी का बोलले नाही?

माझा बाप खानापूरकडच्या गावात आजारी पडला तेव्हा आमच्याकडे लावणी चालू होती. भावाचा निरोप आला. आत्ती म्हणाली, चिखल केलेला हाय, भाताचा तरू उपटलेला हाय, लावणी आवरली की जा. मी चिखलात वाकून रोपं लावत राहिले. जाईपर्यंत बापाची राख झाली होती. तेव्हा मी तोंडातून शब्द काढला नाही. सगळ्यांना वाटलं, विसरली.

विसरले नव्हते. फिल्टरमधली ती गोळी तळहातावर घेऊन मी बसले होते आणि मनात अगदी स्पष्ट आलं — राहू दे. होईल ते होऊ दे. रागाच्या भरात नाही हो, शांतपणे. त्या गोळ्या मी न्हाणीच्या चुलीत टाकल्या. नवऱ्यानं विचारलं, तेव्हा म्हणाले, घेतली. पुढेही तेच. दर आठवड्याला फिल्टर, दर आठवड्याला चूल.

इथं थांबता आलं असतं तर बरं होतं. पण अजून आहे.

एकदा मी ताट लावून बसले होते, हातात ओल्या गोळ्या. मान वर केली तर दारात आत्ती. तिनं माझा हात पाहिला. मला वाटलं, आता आकांडतांडव करील. ती भिंतीला धरून हळूच खाली बसली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

“ठाव हाय तुला. तरी सांगितलं न्हाईस त्येला,” म्हणाली. “लेकीगत झाकलंस मला. तुज्या बापाच्या वक्ताला मी चुकले, बाय.”

बोला, काय करायला हवं होतं मी? तिला वाटलं, मी मायेनं झाकलं. आणि जे शब्द मी इतकी वर्षं मागत होते, ते तिनं आपण होऊन दिले. तिथल्या तिथं म्हणायचं होतं, आत्ती, मुळी सोडा, गोळी घ्या, मराल. जीभ उचलली नाही. सांगितलं असतं तर ती माया परत गेली असती ना? मला ती हवी होती. आधी राग म्हणून गप्प होते, आता लोभ म्हणून.

त्यानंतर ती माझ्याशी फार चांगली वागली. मला आधी जेवायला बसवायची. भात कापणीला आला तेव्हा एका सकाळी अंगणात कोसळली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नवऱ्यानं नंदिगड्ड्याला जाऊन त्या म्हाताऱ्याला चारचौघांत नाही नाही ते ऐकवलं. मुळीनंच घात केला म्हणाला. मीही होकाराची मान डोलावली. म्हाताऱ्याकडे माणसं जायची बंद झाली.

मग गोळी मी कुटून मधातून भरवायची. आता तिच्या पदराला गाठ नव्हती. ती फक्त माझ्या हातून तोंड उघडायची, पोटच्या मुलीच्या हातूनही नाही. डोळ्यांत राग असता तर मी सोसला असता. तसं काही नव्हतं तिथं. मला पाहून ती डाव्या हातानं माझी बोटं धरायची.

ती गेली तेव्हा नणंद माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, “आई मला सांगायची, ती माजी थोरली लेक हाय म्हणून.” मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. बायका म्हणत होत्या, सून असावी तर अशी.

मी तिच्या आईला मरू दिलं. दर आठवड्याला मला ते हातात दिसत होतं, आणि दर आठवड्याला मी झाकण फिरवून घट्ट बसवत होते.