गळ्यातला टाक

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या तेरजवळच्या गावात गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि पोरांना राजकन्येचं जुनं कार्टून दाखवलं, हिंदीत बोलणारं. दिवस मावळला तरी भुई तापलेलीच होती. मी पोतं अंथरलं आणि सात वर्षांच्या लेकीला मांडीवर घेतलं.

लेक माझ्या पोटची नाही. ती दीड वर्षाची असताना तिची आई तापानं गेली आणि मला त्या घरात दुसरेपणावर दिलं. रिवाजाप्रमाणे सासूबाईंनी माझ्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक, म्हणजे तिची मूर्ती उमटवलेला छोटा पत्रा, बांधला. तो घातला की गेलेली सवत कोपत नाही म्हणे. मला असल्या गोष्टींचा भारी राग. पण लेकीला तो टाक मुठीत धरून झोपायची सवय लागली आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. ती मला मावशी म्हणायची आणि टाकाला आई.

पडद्यावरच्या बाईनं राजकन्येला खोलीत कोंडलं, बाहेरून कडी घातली.

"मावशी, सौतेली म्हंजी काय?" लेकीनं विचारलं.

"बघ की गप पुढं," म्हणून मी वेळ मारून नेली. पण मागची म्हातारी, तिला कुणी विचारलं नव्हतं तरी, बोललीच. "सावत्र गं! तुझी मावशी हाय की, तशी."

बायका हसल्या. मीही हसले, याची मला अजून चीड येते.

लेक मांडीवरून उतरली. शेवटी त्या बाईची फजिती झाली तेव्हा सगळी पोरं टाळ्या पिटत होती, आणि ही माझ्याकडं बघत होती.

वाटेत तिनं हात धरू दिला नाही. दारात आल्यावर म्हणाली, "मावशी, आईला सोड की."

"कुठनं गं?"

तिनं माझ्या गळ्याकडं बोट केलं. "तू बांधून ठिवलीस तिला."

मी गळ्यातल्या दोऱ्याला हात घातला. "काढू नगंस, कोपंल ती!" सासूबाई आतून ओरडल्या. मी दोरा सोडला आणि टाक लेकीच्या हातावर ठेवला. मूठ मिटून ती सासूबाईंकडं पळाली.

याला आता पंधरा दिवस झाले. झोपायला ती अजून माझ्याकडं आलेली नाही.