हजेरीपटावरची बाई

ती केस मी विसरलेलो नाही, कारण तीत मी चुकीच्या बाईला अटक करायला निघालो होतो. माझी नोकरी सरत आली होती आणि आपल्याला माणसं कळतात, असा माझा पक्का समज होता.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्या हद्दीतलं एक गाव फटाक्यांवर जगणारं. परदेशातून स्वस्त माल यायला लागला, व्यापाऱ्यांनी इथला माल उचलणं बंद केलं आणि गावातला एक कारखाना बंद पडला. काम गेलेल्यांना शासनानं मदत जाहीर केली. नवं काम मिळेपर्यंत दरमहा थोडा आधार आणि तालुक्याच्या शिवणकेंद्रात शिकून तिथंच कामाला लागायची संधी. अट एकच होती. नाव कारखान्याच्या हजेरीपटावर पाहिजे.

एका सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. गावातली अमुक बाई थोरल्या जावेच्या नावावर मदत घेते, एवढं बोलून फोन बंद झाला. हवालदाराला घेऊन मी तहसील गाठलं आणि अर्ज मागवला. नाव थोरल्या जावेचं, पण फोटो मतदारयादीशी ताडला तर धाकटीचा. तोतयेगिरीचा इतका उघड पुरावा मला सगळ्या नोकरीत मिळाला नव्हता. तहसीलमधून फिर्याद घेतली आणि गुन्हा नोंदवला.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. महिला पोलिसासह धाकटीकडे गेलो. मणक्याच्या दुखण्यानं नवरा खाटेवर, घर तिच्या एकटीच्या हातांवर. तिनं काहीच नाकारलं नाही.

"नाव जावंचं हाय साहेब, पर काम माझं हाय," ती म्हणाली. "अकरा वर्सं म्याच गेले."

तिचं म्हणणं असं. कारखान्यात आधी थोरली जात होती. शेजारच्या शेडला आग लागली, तिनं धसका घेतला आणि जाणं सोडलं. पण पटावरची जागा सहजी मिळत नसे. मुकादमानं सांगितलं, नाव राहू दे, घरातली दुसरी कुणी पाठव. धाकटी गेली आणि रोज सकाळी थोरलीच्या नावाला 'हजर' म्हणत राहिली.

गोष्ट ऐकायला बरी होती. अशा गोष्टी मी शेकड्यानं ऐकल्या होत्या.

थोरलीनं कारखान्याचं ओळखपत्र आणि आधार कार्ड माझ्यासमोर ठेवलं. कामाला आपणच जात होतो, धाकटी घरी स्वयंपाक करायची, असं तिनं ठासून सांगितलं. शेजारच्या बायका मान वर करीनात. मुकादम म्हणाला, पटावर जे नाव, तीच बाई. अख्ख्या गावानं तोंडाला कुलूप लावलं की माझ्यासारखा पोलीस कागदावर विश्वास ठेवतो. धाकटीला अटक करायची, असं मी ठरवून टाकलं. शिवणकेंद्राची जागा तर जाणारच होती, वर कोर्टाच्या पायऱ्या तिच्या कपाळी येणार होत्या.

घटनास्थळाचा पंचनामा तेवढा राहिला होता. दोन पंच, दोघी जावा आणि मुकादम यांना घेऊन भर दुपारी कारखान्यावर गेलो. शेड कित्येक महिने बंद होतं. आत माल नाही की सामान नाही, नुसती फरशी. मुकादमानं दार उघडलं. थोरली चपला घालून, हातात मोबाईल घेऊन सरळ आत गेली.

धाकटी उंबऱ्याशी थांबली. चपला काढून भिंतीकडेला ठेवल्या. पदराची पिन काढली, केसांतले आकडे काढले आणि दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवले. मग दाराजवळ ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्यावर दोन्ही तळहात टेकून क्षणभर उभी राहिली. हे सगळं तिनं दाखवण्यासाठी केलं नव्हतं. तिचं आमच्याकडे लक्षच नव्हतं.

"हे काय करताय बाई?" मी विचारलं.

"अंगातली वीज उतरत्या, साहेब. आत बारूद असती. लोखंड न्यायाचं न्हाय."

"आता कुठली बारूद?"

तिनं आत डोकावून पाहिलं आणि ओशाळून हात मागं घेतले. "व्हय की," ती म्हणाली. "रिकामंच हाय."

मुकादम पायरीवर बसला आणि म्हणाला, "साहेब, माझा जबाब परत लिहून घ्या."

त्यानं सगळं सांगितलं. पटावरच्या अर्ध्या नावांची हीच गत होती. कुणी सासूच्या नावावर, कुणी नणंदेच्या. एकीचं खरं बाहेर आलं तर सगळ्यांची मदत थांबेल, म्हणून गाव गप्प होतं. थोरली तिथंच रडायला लागली. फोन तिनंच करवला होता. नाव आपलं, तर केंद्रातली जागाही आपली, असं तिला मनापासून वाटत होतं. तिच्याही घरी काही सुख नव्हतं. मी तिच्यावर खोट्या जबाबाचं प्रकरण केलं नाही, आणि त्याबद्दल वरिष्ठांची बोलणी खाल्ली.

धाकटीचा फसवणुकीचा हेतू नसल्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला, तो मंजूर झाला. तहसीलदार भले होते. त्यांनी मुकादमाला आणि सगळ्या कामगार बायकांना समोर बसवून यादी नव्यानं केली, जिचं काम तिचं नाव.

कागद खोटं बोलत नाही, असं मी नव्या पोलिसांना वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. त्यानंतर ते शिकवणं सोडलं. संशयिताला आधी त्याच्या कामाच्या जागी नेऊन उभं करा, एवढंच सांगायला लागलो.

नवी यादी ग्रामपंचायतीपुढं वाचली गेली, तेव्हा बंदोबस्ताला मी स्वतः गेलो होतो. तलाठ्यानं धाकटीचं नाव पुकारलं. ती समोरच बसली होती, पण हलली नाही. त्यानं पुन्हा पुकारलं, तरी ती इतरांसारखीच कोण उठतंय ते बघत राहिली. तिसऱ्यांदा पुकारल्यावर शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "अगं, तुलाच बोलावलालेत."